पुत्रशोकातून क्षमेकडे



संवत्सरीला आपण सर्व जण हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. बहुधा ज्याच्याशी काहीच वाकडे नसते, त्यालाच ते आधी म्हटले जाते. ज्याच्याशी वडिलांच्या काळापासून बोलणे बंद आहे, त्याच्या दाराशी पाऊल अडते. आजची हकिकत अशा दारापर्यंत गेलेल्या एका पित्याची आहे. हा पिता जैन नाही. सूफी परंपरेतील मुसलमान आहे.

केनियात जन्मलेले अझीम खमिसा अमेरिकेत सॅन डिएगो येथे गुंतवणुकीच्या व्यवसायात होते. त्यांचा एकुलता एक पुत्र तारिक २० वर्षांचा होता. शिक्षण घेत असतानाच तो घरोघरी पिझ्झा पोहोचविण्याचे काम करी. २१ जानेवारी १९९५ च्या रात्री एका टोळीने खोटी मागणी नोंदवून त्याला बोलावले. तारिकने पिझ्झा देण्यास नकार दिला. १८ वर्षांच्या म्होरक्याने हुकूम सोडला आणि १४ वर्षांच्या मुलाने गोळी झाडली. एवढ्याशा वस्तूसाठी एक घर उजाड झाले.

त्या शोकातही खमिसांना एक गोष्ट दिसली, ती अशी की बंदुकीच्या दोन्ही टोकांना बळीच होते. शोकाचे ४० दिवस सरल्यावर गेलेल्या जिवाच्या नावे सत्कर्म करावे, असे त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शकांनी सुचविले. त्याच वर्षी ‘तारिक खमिसा फाउंडेशन’ स्थापन झाले. त्यानंतर खमिसांनी मारेकऱ्याच्या आजोबांची भेट मागितली. व्हिएतनाम युद्धात लढलेले प्लेस फेलिक्स हेच त्या मुलाचा सांभाळ करीत होते. एकाचा मुलगा गेला होता, दुसऱ्याचा नातू तुरुंगात होता. हे दोघे पुढे शाळाशाळांतून एकत्र उभे राहून मुलांशी बोलू लागले.

येथे कोणी विचारील, मग न्यायाचे काय? व्यापारी मंडळींना याचे उत्तर सहज उमगेल. येणे सोडायचे झाले तरी ते आधी खात्यावर मांडावे लागते. न मांडलेली रक्कम सोडली असे म्हणता येत नाही. खमिसांनीही अपराध नाकारला नाही. कॅलिफोर्नियात त्याच वर्षी लागू झालेल्या कायद्याखाली त्या अल्पवयीन मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालला. त्याने गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली ती किमान २५ वर्षे ते जन्मठेप अशी.

आजोबांशी हात मिळविणे एक आणि गोळी झाडणाऱ्या हाताशी हात मिळविणे वेगळे. त्यासाठी खमिसांना सुमारे पाच वर्षे लागली. हा विलंब कमीपणाचा मुळीच नव्हे. तोंडदेखली क्षमा तर एका दिवसात उरकता आली असती. अखेर तुरुंगात ते त्या तरुणासमोर बसले, त्याला क्षमा केली आणि सुटल्यावर तारिकच्याच नावाच्या संस्थेत काम करण्यास ये, असे सांगितले. पुढे त्याच्या सुटकेसाठीही त्यांनी शब्द टाकला.

२०१९ मध्ये तो तुरुंगाबाहेर आला. आत गेला तेव्हा तो शाळकरी वयाचा होता. बाहेर आला तेव्हा चाळिशीकडे झुकलेला होता.