न आलेल्यांचं पान



 हार-तुरे झाले, आता कामाचं बोलतो. नांदेड-लातूरच्या आपल्या प्रत्येक आरोग्य कार्यक्रमाच्या अहवालात एक वाक्य हमखास असतं : 'कार्यक्रम सर्वांसाठी खुला होता.' मंडपाला दार नव्हतं, कुणाला अडवलं नाही, एवढ्यावर आपण ते लिहून मोकळे होतो. जे आले त्यांचे फोटो आपल्याकडे असतात. जे आले नाहीत त्यांची नोंद कुणाकडे आहे?

योगदिनाचंच घ्या. २०१९ साली राज्याचा मुख्य कार्यक्रम नांदेडला झाला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि रामदेव बाबा दोघंही आले होते. पण २१ जून आपल्याकडे कधी येतो? मृग सरत आलेला, आर्द्रा तोंडावर, पाऊस पडला असेल तर सोयाबीनच्या पेरणीची धांदल. त्या पहाटे चटई घेऊन मैदानावर कोण येणार? नोकरदार आणि पेन्शनर. ती तारीख संयुक्त राष्ट्रांनी ठरवली, आपल्या हातात नाही. उरलेलं वर्ष तर आहे? मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूरकडच्या वाड्या-तांड्यांवरची जोडपी दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ती कारखान्याचा पट्टा पडल्यावरच परततात. आणि आपले आरोग्य सप्ताह भरतात डिसेंबर-जानेवारीत, कारण हवा चांगली असते आणि पाहुण्यांना सोयीचं पडतं! तांड्यावर तेव्हा असतात म्हातारी माणसं आणि त्यांच्यावर सोडलेली नातवंडं.

भाषेचंही तसंच. देगलूर-धर्माबादकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याच्या पट्ट्यात कन्नड, तांड्यावर गोरमाटी, किनवट-माहूरकडे गोंडी-कोलामी, शहरांतल्या मोहल्ल्यांत दखनी. ही सगळी माणसं बाजारहाट मराठीत करतात. पण रात्र रात्र डोळा लागत नाही, जीव घाबरा होतो, हे सांगायची वेळ आली की घरातलीच बोली लागते. शिबिरात ती बोलणारा एक तरी माणूस बसवता का तुम्ही?

मध्यंतरी एका सभागृहात गेलो होतो. दिव्यांगांसाठी उतार बांधलेला होता. नियम सांगतो, एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. इथं जोतं दोन फुटांचं आणि उतार जेमतेम आठ फुटांचा. रिकामी चाकाची खुर्ची वर ढकलताना धडधाकट पोराला घाम फुटावा. उतारावर तीन मोटारसायकली उभ्या. वर पोचलं की लोखंडी जाळीचं दार, त्याला कुलूप, किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई चहाला गेलेला. कागदावर मात्र त्या इमारतीत दिव्यांगांची सोय आहे!

बरं, उतार नीट बांधला तरी काम संपत नाही. २०१६ च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, आणि त्यातल्या कितीतरींचा पायऱ्यांशी संबंधच नाही. कर्णबधिर मुलीला सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा. स्वमग्न मुलाला आपला कर्णा सोसत नाही. त्याच्या आईचं काय? ती वर्षानुवर्षं कुठल्या हळदीकुंकवालासुद्धा गेलेली नसते. हळदीकुंकवावरून आठवलं : महिलांची तपासणी त्या नावानं ठेवली की विधवा घरीच राहतात, बोलावूनही येत नाहीत. आरोग्याच्या कार्यक्रमाला कृपा करून ते नाव देऊ नका. आणि जागेवर स्वच्छतागृह नसेल तर बाई सकाळपासून घोटभर पाणी पीत नाही, भाषणं संपायच्या आत निघून जाते. मग आपण लिहितो, 'महिलांचा प्रतिसाद अल्प'.

हे जमणारच नाही असं म्हणू नका. लातूरनं ते करून दाखवलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. बावन्न गावं नव्यानं वसवावी लागली. त्याशिवाय शेकडो गावांत घरं तडकली होती आणि ती लोकांनीच सरकारी मदतीतून दुरुस्त करायची होती. तिथं प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेनं महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं, लातूर-उस्मानाबादच्या हजाराहून अधिक गावांत. योजना काय आहे हे या बायका घरोघर समजावून सांगत, कुणाचं कुठं अडलंय ते अधिकाऱ्यांपर्यंत नेत. दवंडी ऐकून जी बाई उंबरा ओलांडत नाही, ती शेजारणीपाशी बोलते. २०१५ साली शासनानं शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' आणला, त्यातही घरी जाऊन विचारपूस करायची होती आशाताईंनीच. खचलेला शेतकरी 'मानसिक आरोग्य' असा फलक लावलेल्या मंडपात शिरत नाही. सगळा गाव बघत असतो. बीपी-शुगर तपासायच्या टेबलाशी तो बसेल, आणि तिथं कुणी आपुलकीनं विचारलं तर बोलेलही. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबरही त्याच टेबलावर द्या.

नांदेडकरांनी तर सचखंड गुरुद्वाऱ्याचा लंगर रोज पाहिलेला आहे. तिथं कुणी आधार कार्ड मागत नाही. येईल तो पंगतीला बसतो, पोटभर जेवतो. आपल्या शिबिरात मात्र आधी टेबल, मग रांग, नाव, वय, आधार, मोबाईल, अंगठा. आणि माणूस कुठं दुखतंय ते सांगेपर्यंत डॉक्टरांची निघायची वेळ झालेली असते. नोंदी लागतात, मान्य. त्या शेवटी घ्या.

तेव्हा माझं मागणं एवढंच. पुढच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायला टाकण्याआधी गावच्या आशाताई, तांड्याचा नायक, एखादी दिव्यांग व्यक्ती आणि रोजानं जाणारी एक बाई, यांना बसवून दिवस, वेळ, जागा ठरवा. कार्यक्रम झाला की अहवालात न आलेल्यांचं एक पान जोडा : कोण आलं नाही, का आलं नाही, त्यांच्या घरी कोण जाणार. आणि पुढच्या वर्षी अध्यक्षांच्या या खुर्चीवर जे कुणी बसतील त्यांना माझी आताच विनंती आहे, ते पान नसलेला अहवाल इथं वाचू देऊ नका.