व्योर्गलची श्रम-प्रमाणपत्रे

जागतिक मंदीत, १९३२ साली, ऑस्ट्रियातील व्योर्गल गावी कामे पडून होती, हात रिकामे होते. नव्हता तो पैसा. समाजवादी नगराध्यक्ष मिखाएल उंटरगुगेनबर्गर यांनी शिलिंग तारण ठेवून श्रम-प्रमाणपत्रे काढली. दरमहा १ टक्क्याचे तिकीट चिकटविल्याखेरीज त्यांचे मूल्य टिकत नसे. भुर्दंड साठविणाऱ्याला, मजुरी हाती येताच खर्चणाऱ्याला कसला? शिवाय नगरपालिका थकलेले करही त्यांत स्वीकारी. दुकानदाराचा विश्वास बसला तो, माझ्या मते, यामुळेच. रस्ते झाले, पूल झाला. बाहेरगावच्या मालाला शिलिंगच लागणार, म्हणून मी याला सरकारी चलनाची जोड एवढेच म्हणतो. पण मध्यवर्ती बँकेला तीही सोसवली नाही. नोटा काढण्याचा अधिकार केवळ आपला, या मुद्द्यावर १९३३ साली तिने हा प्रयोग बंद पाडला.