चार तासांचा ‘विवेक’

अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. आनंद पटवर्धन यांचा ‘विवेक’ हा 2018 सालचा माहितीपट दाभोलकरांच्या आणि कोल्हापूरचे कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांच्या हत्येपासून निघतो आणि सुमारे चार तास, आठ भागांत चालतो. एवढी लांबी कशाला? दोन तासांत उरकायचं तर माणसं नुसती पुराव्यादाखल येतात. इथे मात्र त्यांना बोलायला, अडखळायला, गप्प राहायलाही वेळ मिळतो. दाभोलकर-पानसरे आपल्याला आधी काम करताना कळतात, म्हणूनच त्यांचं जाणं बोचतं.

पण दादरीतली जमावहत्या, उनातली दलितांना झालेली मारहाण, रोहित वेमुला या विद्यार्थ्याची आत्महत्या, शेवटी मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात मारले गेलेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे, असा पसारा वाढतो तशी वीण सैल होते. घटनांमधले दुवे दृश्यांतून उमगण्याऐवजी निवेदनातून सांगितले जातात, आणि करकरेंच्या भागात तर शंका पुराव्याच्या पुढे धावते. चित्रपट एकांगी आहे, हा आक्षेप मला तितकासा पटत नाही. पटवर्धन आपली बाजू लपवत नाहीत आणि विरोधकांनाही कॅमेऱ्यासमोर बोलू देतात. ॲमस्टरडॅमच्या महोत्सवात 2018 साली ‘विवेक’ला सर्वोत्कृष्ट पूर्ण लांबीच्या माहितीपटाचा पुरस्कार मिळाला, तरी शेवटचे भाग कात्री मागतात. सुदैवाने भाग सुटे आहेत. आधी दाभोलकर-पानसरेंचे पाहावेत, बाकीचे दुसऱ्या दिवशी.