राग आधी मोजा



पक्षाची एकी लोकांना गप्प करून होत नाही. मिशिगन पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत १ लाखाहून अधिक मतदारांनी बायडन यांना डावलून ‘अनकमिटेड’वर खूण केली. मागणी गाझातल्या युद्धबंदीची होती. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात पॅलेस्टिनी-अमेरिकन वक्त्याला मुख्य मंचावर काही मिनिटंही मिळाली नाहीत. नोव्हेंबरमध्ये अरबबहुल डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प पहिले, हॅरिस दुसऱ्या. राज्यही सुमारे ८० हजार मतांनी गेलं. एकट्या डिअरबॉर्नमुळे नव्हे.

मला यात फरक दिसतो. फेब्रुवारीचा राग मागणी घेऊन आला होता, नोव्हेंबरचा शिक्षा देऊन गेला. म्हणून आपली मागणी उमेदवार ठरण्याआधीच लेखी द्या. एकी हवी असेल, तर पक्षांनी ती तेव्हाच वाचावी.