तुटलेल्या बोटांचा हिशेब

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



1884 सालच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईत परळ येथे गिरणी कामगारांची सभा भरली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या मागणीपत्रावर पाच हजारांहून अधिक कामगारांनी सह्या केल्या. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या त्यातील मागण्या पुढे सर्वतोमुखी झाल्या. परंतु त्याच पत्रातील एका मागणीचे स्मरण क्वचितच केले जाते. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या चरितार्थाची तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती. या विषयावरचा कायदा व्हायला त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे लागली. कामगार नुकसानभरपाई कायदा 1923 साली मंजूर झाला आणि 1 जुलै 1924 पासून अमलात आला. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असली, तरी त्याचे मूळ तत्त्व तिच्यात कायम आहे.

ते तत्त्व कार्यकर्त्याने नीट समजून घेतले पाहिजे. त्यापूर्वी जखमी मजुराला मालकाचा निष्काळजीपणा कोर्टात शाबीत करावा लागे. आणि ज्याच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत, त्याने मालकाविरुद्ध दिवाणी दावा चालवायचा कसा? या कायद्याने चूक कोणाची हा प्रश्नच बाजूला सारला. अपघात काम करीत असता व कामामुळे झाला, एवढे दाखविले की मालकाची जबाबदारी ठरते. मजूर नशेत होता, त्याने जाणूनबुजून सुरक्षेचा नियम मोडला किंवा यंत्रावरील संरक्षक साधन काढून टाकले, एवढ्याच सबबी मालकाला उरतात. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व ओढवले असेल, तर त्याही चालत नाहीत. यंत्राचा पट्टा तुटला तर त्याचा खर्च कारखान्याच्या हिशेबात धरला जातो. मग माणसाचा हात तुटला तर तो खर्च त्याच्या बायकामुलांच्या माथी का मारावा, हा त्यामागचा न्याय आहे. भरपाई ही मेहेरबानी नव्हे, ती उत्पादनखर्चाची थकलेली बाकी आहे.

मग हा हक्क हरवतो कोठे? बहुधा कोर्टात नव्हे. तो हरवतो अपघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांत. एखाद्या लहान कारखान्यात पॉवर प्रेसखाली मजुराची बोटे चिरडतात. पर्यवेक्षक त्याला जवळच्या खाजगी दवाखान्यात नेतो, बिल भागवितो आणि केसपेपरवर जखम घरी झाल्याची नोंद होते. हजेरीपत्रकावर त्याचे नाव नसते, कारण तो ठेकेदाराचा माणूस. राज्य विमा योजनेत त्याची नोंदणी अपघातानंतर घाईघाईने केली जाते किंवा केलीच जात नाही. आठ दिवसांनी हातावर काही हजार रुपये ठेवून एका कागदावर अंगठा उठविला जातो, आणि मालक चांगला म्हणून त्याने एवढे तरी दिले, असे मजुराचे नातेवाईकच सांगू लागतात.

त्या कागदाला कायद्यात किंमत नाही, हे त्या घरात जाऊन सांगणारा कोणी लागतो. हक्क सोडून देणारा करार रद्दबातल ठरतो; तडजोडीची नोंदणी सक्षम अधिकाऱ्यापुढे व्हावी लागते; मृत्यूच्या प्रकरणात रक्कम त्या अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते, विधवेच्या हाती परस्पर दिलेले पैसे भरपाई मानले जात नाहीत. ठेकेदाराचे निमित्तही पुरत नाही, कारण ज्याच्या धंद्याचे काम ठेकेदाराकडून करवून घेतले, तो मूळ मालकही भरपाईला जबाबदार असतो. मजूर विमा योजनेखाली येत असेल, तर मात्र त्याचा दावा मालकाऐवजी विमा महामंडळाकडे जातो. म्हणून कार्यकर्त्याने सर्वप्रथम दवाखाना गाठावा. जखम कोठे व कशी झाली हे केसपेपरवर नीट लिहिले गेले की नाही ते पाहावे, पाळीतल्या सोबत्यांची नावे टिपून घ्यावीत, पगाराचा जो काही पुरावा असेल तो जपावा आणि मालकाला लेखी नोटीस देऊन पोच घ्यावी. दाव्याला मुदत असते; सहानुभूतीला ती नसते, म्हणून सहानुभूतीवर विसंबू नये.

आता रकमेविषयी. कायद्याच्या परिशिष्टात अवयवांची यादी आहे. अंगठा गेला तर 30 टक्के, तर्जनी संपूर्ण गेली तर 14 टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर 50 टक्के कमाईशक्ती नष्ट झाली असे धरतात. तीस वर्षांच्या मजुराचा पगार 15,000 रुपये असेल, तर त्याच्या 60 टक्क्यांना, म्हणजे 9,000 रुपयांना, त्या वयाच्या 207.98 या गुणकाने गुणावयाचे. हे होतात 18,71,820 रुपये. अंगठ्यासाठी त्याचे 30 टक्के, म्हणजे 5,61,546 रुपये. दहा-वीस हजारांवर बोळवण झालेल्या मजुराला हा आकडा कोणीच सांगितलेला नसतो.

परंतु यादी हा शेवटचा शब्द नव्हे. 1968 साली एक सुतार कामावर पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. हे अपंगत्व अंशतःच, असे मालकाचे म्हणणे होते. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून या माणसाचे अपंगत्व संपूर्ण आहे, हा आयुक्ताचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली उचलून धरला. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, निकालापासून नव्हे, हेही त्याच वेळी स्पष्ट झाले. महिन्याभरात रक्कम न देणाऱ्या मालकावर आज 12 टक्के व्याज बसते, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही. तेव्हा प्रत्येक प्रकरणात, अवयव कोणता गेला याबरोबरच धंदा कोणता गेला, हे विचारलेच पाहिजे.

हे सर्व मिळाले तरी 1884 ची मागणी पुरी झाली असे नाही. तात्पुरत्या अपंगत्वात या कायद्याने दर पंधरवड्याला मासिक वेतनाचा चौथा हिस्सा, म्हणजे निम्मा पगार, मिळतो. विमा योजनेत सुमारे 90 टक्के. लोखंड्यांनी पूर्ण पगार मागितला होता. त्यांनी चरितार्थाची तजवीज मागितली होती. कायदा एकरकमी आकडा देतो, आणि तो कर्ज व औषधपाणी यांत विरून जातो. ही उणीव दूर करण्याचा लढा विधिमंडळात व रस्त्यावर चालूच राहील. पण आज जो मजूर हाताला पट्टी बांधून खोलीत बसला आहे, त्याने कोऱ्या कागदावर अंगठा उठविण्यापूर्वी कोणीतरी त्याच्या दारात पोहोचले पाहिजे. उरलेल्या अंगठ्याचे रक्षण करण्याचे ते काम आहे.