साक्रीचे ऊन, जर्मनीचे कर्ज

दुपारी जेवायला भरीत आणि कळण्याची भाकरी आहे. परदेशातून आलेल्या पाहुण्यांनी ठेचा बेतानेच घ्यावा.

परिषदेच्या स्वागताध्यक्षाने आपल्या मुलखाचे गुणगान करावे अशी रीत आहे. मी उन्हाचे करतो. एरवी मे महिन्यात त्याचे नाव इथे कुणी प्रेमाने घेत नाही. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्याच्या पूर्व भागाला पाऊस नेहमीच हुलकावणी देतो. त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीने १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारला, तो २०१३ मध्ये सुरू झाला. एवढे मोठे सौर प्रकल्प तेव्हा देशात मोजकेच होते. त्यासाठी केएफडब्ल्यू या जर्मन सरकारच्या विकास बँकेने सुमारे २५ कोटी युरो दिले. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या तर त्याआधीपासूनच फिरत होत्या.

जर्मनीचे आभार मी मनापासून मानतो. पण ते अनुदान नव्हते, कर्ज होते, आणि असे कर्ज शेवटी वीजबिलातूनच फिटते. तेव्हा पाहुण्यांसमोर आम्ही हात पसरून उभे नाही. कर्ज फेडणाऱ्याने दोन प्रश्न विचारले तर राग मानू नये.

पहिला प्रश्न जमिनीचा. दोंडाईचाजवळच्या विखरणचे वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी वीजप्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले. त्याच महिन्यात ते गेले. त्या प्रकल्पात जर्मन पैसा होता असे मी म्हणत नाही. पण यापुढे कोणतीही परदेशी बँक खानदेशात पैसे घालणार असेल, तर सातबाऱ्यावरच्या माणसाला काय भाव मिळाला, हे तिने करारावर सही करण्याआधी पाहावे. युरोचा दर रोज पाहतातच की.

दुसरा प्रश्न विजेचा. रावेर-यावलचा केळीवाला अजूनही रात्रीच्या विजेची पाळी आली की बॅटरी घेऊन बांधावर जातो. साप आहेत, बिबटे आहेत. सूर्य दिवसा तळपतो आणि पंप रात्री चालतो, हा व्यवहार मला तरी कळत नाही. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा रोख नेमका यावरच आहे. परदेशी पैसा तिकडे वळला तर गावाला त्याची चव कळेल.

आणि दीपनगर? भुसावळच्या या कोळशावर चालणाऱ्या औष्णिक केंद्रावर कित्येक कुटुंबे जगतात. कोळशातून बाहेर पडण्यासाठी २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेला श्रीमंत देशांकडून ८५० कोटी डॉलरचा शब्द मिळाला. दीपनगरच्या कंत्राटी कामगाराचा विषय आपल्याकडे अजून कुणी काढलेला नाही. तो या परिषदेत निघावा.

दुपारच्या सत्रात विखरण परिसरातले शेतकरी बोलणार आहेत. त्यांना दहा मिनिटे दिली होती, ती आम्ही वाढवली आहेत. अध्यक्षांना एवढीच विनंती, त्या वेळी घंटा वाजवू नये.