हुतात्मा भाई कोतवाल आणि बिननावाचे देणगीदार

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करणारा माणूस. टिपणी लिहायची सवय हाताला आहे, जिभेला भाषणाची सवय नाही. पण समितीने आज्ञा केली की मुलांना कळेल असे एखाद्या लोकसेवकाचे चरित्र चार शब्दांत सांगा. तेव्हा दूरचे कशाला, आपल्याच मुरबाडच्या डोंगरात ज्याने देह ठेवला त्या विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचे, म्हणजे हुतात्मा भाई कोतवालांचे चरित्र सांगावे असे ठरविले.

भाईंचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला झाला. नाभिक समाजातील गरीब कुटुंब. माथेरान कसे वसले हे आपणांस ठाऊक असेल. आपल्याच ठाणे जिल्ह्याचा कलेक्टर मॅलेट साहेब १८५० साली त्या डोंगरावर चढला आणि पुढे तेथे साहेबलोकांचे आणि शेठ लोकांचे बंगले उभे राहिले. बंगले त्यांचे आणि राबणारे हात आपल्या माणसांचे. कोणी हमाली करी, कोणी रिक्षा ओढी, कोणी हजामत करी. अशा कष्टकऱ्यांच्या वस्तीत भाई वाढले. परिस्थिती बेताची असूनही शिकले, कायद्याची परीक्षा पास झाले. माथेरानच्या नगरपालिकेत निवडून जाऊन उपाध्यक्ष झाले.

वकील झालेला माणूस मनात आणता तर सुखाने राहता. परंतु भाईंचे लक्ष डोंगराखालच्या कर्जत तालुक्यातील शेतकऱ्यांकडे होते. त्यांच्या मुलांसाठी त्यांनी गावोगाव शाळा काढल्या. महायुद्धाच्या काळात धान्याची टंचाई झाली, साठेबाजी सुरू झाली, तेव्हा त्यांनी धान्यकोठी सुरू केली. आपल्या भागातल्या जुन्या माणसांना हे महत्त्व सांगायला नको. आषाढ-श्रावणात घरातला कणगा रिकामा व्हायचा, सावकाराकडून खावटी काढायची आणि सुगी झाली की दिडीने परत करायची. भात पिकवणाराच पेजेला महाग. अशा माणसाला अडीनडीला हक्काने धान्य मिळावे म्हणून कोठी. मला वाटते, भाईंचे पुढारीपण या कोठीत दिसते. भाषणाने टाळ्या मिळतात, पण कोठी भरायला विश्वास लागतो.

पुढे ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला आणि धरपकड सुरू झाली. भाई भूमिगत झाले. त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभा केला. त्या काळी भिवपुरी, खोपोलीच्या वीजघरांतून मुंबईला वीज जात असे. त्या विजेवर गिरण्या चालत, रेल्वे चालत. ही वीज वाहणारे लोखंडी मनोरे पाडायचे काम दस्त्याने अंगावर घेतले आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात अनेक मनोरे पाडले. सरकार हादरले. भाईंना पकडून देणाऱ्यास २५०० रुपयांचे इनाम जाहीर झाले. त्या वेळी सोन्याचा भाव तोळ्याला शंभर रुपयांच्या आत होता. यावरून ती रक्कम गरिबाच्या दृष्टीने केवढी होती याचा हिशेब आपणच करावा.

शेवटी दस्ता आपल्या मुरबाड तालुक्यात सिद्धगडच्या रानात आला. खबर फुटली. २ जानेवारी १९४३ रोजी सकाळी पोलीस अधिकारी हॉल आपल्या शिपायांसह तेथे पोचला आणि गोळीबार झाला. हिराजी गोमाजी पाटील हे तरुण वीर तेथे पडले. भाईंच्या मांडीला गोळी लागली. जखमी होऊन पडलेल्या भाईंना हॉलने जवळून गोळी घालून ठार केले. भाईंचे वय तेव्हा अवघे तीस वर्षांचे. सिद्धगडला दोघांचे स्मारक आहे आणि दरवर्षी २ जानेवारीला तेथे लोक जमतात.

मंडळी, कोणीतरी तोंड उघडले ही गोष्ट सर्वजण सांगतात. परंतु ज्यांनी तोंड उघडले नाही त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. इतके दिवस ही माणसे रानावनात राहिली ती काय हवा खाऊन? कोणाच्या तरी चुलीवर त्यांची भाकर भाजली गेली. कोणीतरी पाणी दाखवले, वाट दाखवली. घरात खायला नाही आणि समोर २५०० रुपये, तरी ते गप्प राहिले. त्यांची नावे कोठे आहेत?

मी कागदाचा माणूस आहे, म्हणून हा प्रश्न मला पडतो. १९७२ साली, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले. १९८० साली त्याला सन्मान निवृत्तिवेतन असे नाव मिळाले. योजना चांगलीच. परंतु पुरावा हवा. तुरुंगाचा दाखला हवा, नाही तर भूमिगत असल्याचे प्रमाणपत्र हवे. नियमाशिवाय कचेरी चालत नाही, हे मी जाणतो. पण ज्या बाईने रात्री उठून चार भाकऱ्या बांधून दिल्या तिने दाखला कोठून आणावा? भाकरीची पावती नसते.

आपल्या दोन्ही तालुक्यांना बिननावाने देण्याची सवयच आहे. शहापूरच्या तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबई पिते, पुढे भातसाचेही पिऊ लागली. मुंबईच्या नळावर शहापूरचे नाव लिहिलेले नसते आणि आपल्या पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन चालतात.

आता आपल्या मंदिराकडे येतो. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी फरशी बसवली, हे योग्यच झाले. देणगीदारांनी हात सैल सोडला नसता तर कळस चढला नसता. त्यांचे उपकार गाव विसरणार नाही. पण कोणाचे नाव वर आणि कोणाचे खाली यावरून समितीच्या दोन बैठका गेल्या, हेही आपण जाणता. मला त्या वेळी सारखी आठवण येत होती ती पायाच्या दगडांची. ते दगड ओढ्यातून डोक्यावर आणले कोणी? पाड्यावरच्या बायांनी. भर वैशाखात बांधकामाला पाणी कोणी घातले? शाळेतल्या पोरांनी. गवंड्याला रोज दोन वेळचे जेवण वाढणाऱ्या घराचे नाव फरशीवर नाही, आणि त्या घराने ते मागितलेही नाही.

म्हणून समितीला माझी हात जोडून विनंती आहे. फरशीवर खाली बोटभर जागा शिल्लक आहे, मी मोजून आलो आहे. तेथे एक ओळ कोरावी, ‘आणि ज्यांनी श्रम दिले ते सर्व स्त्री-पुरुष’. खर्चाची चिंता नको. अक्षरांची मजुरी माझ्याकडून घ्यावी, मात्र माझे नाव लिहू नये. दुसरी विनंती, दरवर्षी २ जानेवारीच्या संध्याकाळी देवापुढे दोन दिवे जास्त लावावेत, एक भाईंचा व एक हिराजींचा. आणि त्या दिवशी एखाद्या मुलाने ही गोष्ट सर्वांना सांगावी.

देवाला सगळ्यांची नावे ठाऊक असतात. विसरतो तो माणूस, म्हणून माणसाने लिहून ठेवावे.

 महाप्रसादाची वेळ झाली आहे. 

जय हिंद! जय महाराष्ट्र!